मेक्सिकालीची चिनी खानावळ

(मेक्सिको देशाच्या उत्तर सीमेवर मेक्सिकाली नावाचे शहर आहे. तेथे चिनी मजुरांनी वस्ती कशी केली आणि त्यांच्या चुलीवर दोन देशांच्या चवी एकत्र कशा आल्या, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, संध्याकाळी रस्त्याच्या कडेला 'चायनीज'ची गाडी लागली की तिच्याभोवती गर्दी जमते. मोठी आच, काळी कढई आणि लसूण-मिरचीचा ठसका! त्या पदार्थात चीन किती आणि आपण किती, हे सांगणे कठीण आहे. चिकन मंचुरियन मंचुरियात कोणी ओळखणार नाही. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत तो प्रथम केला, असे मानतात. असाच प्रकार दूर मेक्सिकोतही घडला. पण तिथली हकिकत नुसत्या चवीची नाही.

अमेरिकेने १८८२ साली एक कायदा केला. त्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी घातली. ही बंदी १९४३ पर्यंत टिकली. ज्या चिनी मजुरांनी डोंगर फोडून अमेरिकेचे लोहमार्ग बांधले, त्यांच्याच भाऊबंदांना दार बंद झाले. तेव्हा अनेकजण सीमेच्या अलीकडे, मेक्सिकोत उतरले. तेथे कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात एका अमेरिकन कंपनीची अफाट जमीन होती. तीत कापूस पिकवायचा होता. पण त्या उन्हात राबायला माणसे मिळत नव्हती. कंपनीने चिनी मजूर आणले. काही चिनी लोकांनी खंडाने जमीन घेऊन स्वतःही शेती केली. १९०३ साली येथेच मेक्सिकाली शहर वसले. मेक्सिको आणि कॅलिफोर्निया या दोन नावांचे तुकडे जोडून हे नाव झाले आहे. सीमेपलीकडच्या अमेरिकन गावाचे नाव कॅलेक्सिको. म्हणजे तेच तुकडे, पण उलट क्रमाने!

हा सारा मुलूख वाळवंटी आहे. उन्हाळ्यात पारा कधी कधी ५० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. सॅन फेलिपे हे समुद्रकाठचे गाव मेक्सिकालीपासून सुमारे २०० किलोमीटरवर आहे. तेथे उतरून पायी निघालेल्या चिनी मजुरांची एक तुकडी वाटेत तहानेने मेली, असे तिकडचे लोक सांगतात. त्या वाटेवरच्या डोंगराला आजही 'एल चिनेरो' म्हणतात. त्या मजुरांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. डोंगराचे नाव तेवढे उरले आहे.

जे पोचले, त्यांनी शहरात आपली वेगळी वस्ती केली. तिचे नाव ला चिनेस्का. उन्हापासून वाचण्यासाठी त्यांनी घरांखाली तळघरे खोदली आणि ती एकमेकांना जोडली. १९२० च्या आसपास मेक्सिकालीत मेक्सिकन लोकांपेक्षा चिनी लोकच जास्त होते. पुढे दिवस फिरले. शेजारच्या सोनोरा राज्यातून १९३१ च्या सुमारास चिनी कुटुंबांना हाकलून देण्यात आले. चिनी माणसाशी लग्न केलेल्या मेक्सिकन बायकांनाही मुलाबाळांसह परक्या चीनची वाट धरावी लागली. मेक्सिकालीत इतके झाले नाही. पण १९३७ साली भूमिहीन मेक्सिकन शेतकऱ्यांनी कंपनीच्या जमिनी ताब्यात घेतल्या, आणि सरकारने त्या त्यांना वाटून दिल्या. त्या शेतकऱ्यांचे म्हणणेही खोटे नव्हते, कारण देश त्यांचा आणि जमीन परक्या कंपनीची. मात्र त्यात चिनी शेतकऱ्यांच्या हातची शेती गेली. ते शहरात आले. कोणी दुकान टाकले, कोणी धोबीकाम धरले, तर अनेकांनी खानावळ काढली.

हे लोक बहुतेक दक्षिण चीनमधील कँटन भागातले होते. त्यांचे जेवण फारसे तिखट नसते. आले, लसूण, कांद्याची पात आणि सोया सॉस हा त्यांचा मसाला. पण मेक्सिकालीच्या बाजारात चीनची भाजी कोठून मिळणार? आणि गिऱ्हाईक तर मेक्सिकन! म्हणून आचाऱ्यांनी समोर दिसले ते कढईत टाकले: हिरव्या-पिवळ्या मिरच्या, लिंबू, कोथिंबीर. आजही तेथील चिनी खानावळीत जेवणाआधी परतलेल्या मिरच्या सोया सॉस व लिंबाच्या रसात बुडवून पुढे ठेवतात. चीनमध्ये असे कोणी करत नाही. मेक्सिकोच्या इतर भागांतही चिनी जेवण म्हटले की मेक्सिकालीचेच नाव निघते. त्या एका शहरात शंभराहून अधिक चिनी खानावळी आहेत.

येथे थोडे विषयांतर करतो. सीमेच्या उत्तरेला, अमेरिकेच्या इंपीरियल खोऱ्यात, त्याच काळात पंजाबातून गेलेले शीख, मुसलमान व हिंदू शेतकरी राबत होते. कायद्यामुळे त्यांनाही गावाकडून बायकामुले नेता येत नव्हती. त्यांतील अनेकांनी मेक्सिकन मुलींशी लग्ने केली. त्या बायका कोंबडीचा रस्सा आणि रोटी करायला शिकल्या.

आता टाकोविषयी. मक्याच्या लहान, पातळ भाकरीला तिकडे टोर्टिया म्हणतात. तिच्यात भाजी किंवा मांस ठेवून ती मुडपली की टाको झाला. टोर्टियाचे पीठ करण्याची रीत फार जुनी आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, मग धुऊन वाटतात. त्यामुळे साल सुटते, पीठ चिकट होते आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपात मका गेला, पण ही रीत गेली नाही. तेथे केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग जडला. आपल्याकडच्या मक्याच्या पिठावर चुन्याची ही क्रिया केलेली नसते. म्हणून भाकरी मुडपताना तुटते. दोन वाट्या पिठात अर्धी वाटी कणीक घालून ते गरम पाण्याने मळावे, म्हणजे काम भागते. तळहाताएवढ्या आठ-दहा भाकऱ्या तव्यावर भाजून फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात.

सारणासाठी पाव किलो बिनहाडाच्या कोंबडीचे बारीक तुकडे घ्यावेत. त्यांना दोन चमचे सोया सॉस, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि ठेचलेले आले-लसूण लावून अर्धा तास ठेवावे. कोंबडी नको असेल तर पनीर चालेल. चार हिरव्या मिरच्या कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजाव्यात. ही मेक्सिकोची रीत. मग लोखंडी कढईत तेल चांगले तापू द्यावे आणि कोंबडी मोठ्या आचेवर सतत हलवत पाच-सहा मिनिटे परतावी. ही चीनची रीत. एक तुकडा मोडून पाहावा. आत गुलाबी दिसला तर आणखी परतावे. आच मंद ठेवली तर पाणी सुटते आणि सारण परतण्याऐवजी उकडते. पहिल्यांदा करणाऱ्याची चूक बहुधा येथेच होते. शेवटी भाजलेल्या मिरच्या चिरून घालाव्यात. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ चाखूनच घालावे. मिरची चिरल्यावर हात डोळ्यांना लावू नयेत, हे वेगळे सांगायला नकोच!

गरम भाकरीत सारण, वर बारीक चिरलेला कोबी, कांदा, कोथिंबीर आणि अर्ध्या लिंबाचा रस. यांतील मिरची आणि मका मेक्सिकोकडून आपल्याकडे आले. लिंबू आणि कोथिंबीर स्पॅनिश लोकांनी तिकडे नेली. टाको लगेच खावा. भाकरी गार झाली की ती मुडपत नाही, मोडते.

शब्दार्थ
खंडाने घेणे – ठरावीक रक्कम किंवा धान्य देऊन दुसऱ्याची जमीन कसणे. मुलूख – प्रदेश, इलाका. तळघर – तहखाना. भूमिहीन – ज्याच्याकडे जमीन नाही असा. आच – जाळाची उष्णता. सारण – आत भरण्याचा पदार्थ. विषयांतर – मूळ विषय सोडून बोलणे.

स्वाध्याय
१. चिनी मजूर अमेरिकेऐवजी मेक्सिकोत का उतरले?
२. '१९३७ साली चिनी लोक शेती सोडून शहरात आले.' याचे कारण लिहा.
३. 'दिवस फिरणे', 'वाट धरणे' व 'काम भागणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या घरी होणाऱ्या एखाद्या पदार्थाची कृती आठ-दहा वाक्यांत लिहा. त्यातील कोणते जिन्नस परदेशातून आले, हे घरातील मोठ्या माणसांना विचारा.