नवजात पिलाच्या मेंदूंतील भूल

परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि १९२९ सालचें वाडियांचें मुलांचें रुग्णालय आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेत. दोन्ही ठिकाणीं एकच प्रश्न पडतो: नुकत्याच जन्मलेल्या जीवास मोठ्यांच्या मात्रेचा लहानसा वांटा दिला म्हणजे झालें काय? आम्ही म्हणूं, नाहीं.

शिरेंतून दिलेलें थायोपेंटल रक्ताबरोबर मेंदूंत जातें. मोठ्या जनावराच्या मेंदूंतील करड्या भागास रक्त विपुल मिळतें, म्हणून औषध प्रथम तेथें भरतें. पांढऱ्या भागास रक्त थोडें. तेथें तें सावकाश पोंचतें. पुढें रक्तच तें स्नायूंकडे व चरबीकडे वाहून नेतें आणि जनावर जागें होतें. मांजराच्या डोळे न उघडलेल्या पिलाचें तसें नव्हे. त्याच्या मेंदूंत पाणी अधिक. पांढऱ्या भागास रंग देणारें तंतूंवरील स्निग्ध वेष्टन बहुतेक व्हावयाचेंच असतें. अंगावर चरबी थोडी, यकृत अपक्व. म्हणून औषध लवकर निघत नाहीं. (गाईचें वासरूं मात्र जन्मल्यावर थोड्याच वेळांत उभें राहतें. सारीं पिलें सारखीं नव्हेत.)

२००३ सालीं उंदरांच्या सात दिवसांच्या पिलांस सहा तास भूल दिली असतां मेंदूंतील पेशी मेल्याचें आढळलें. पालकांनीं हें वाचून घाबरूं नये. तान्ह्या मुलांस एकदांच, सुमारें तासभर, भूल दिली असतां पांचव्या वर्षीं त्यांच्या बुद्धींत उणेपणा दिसला नाहीं, असा अनेक देशांतील अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा २०१६ चा इशारा तीन वर्षांखालील मुलांस तीन तासांहून अधिक, किंवा वारंवार, दिलेल्या भुलीविषयीं होता.