पाईपचं गाव कोणतं? : आयात शुल्क सवलतीचा हिशेब

'मुक्त व्यापार करार' असं पेपरात वाचलं की आपण पान उलटतो. हे कॉमर्सवाल्यांचं काम, आपलं नाही! मीही तसंच समजत होतो. पण प्रोजेक्टच्या निमित्ताने जळगाव एमआयडीसीतले पाईपचे कारखाने पाहिले आणि कळलं, की हा विषय आपल्या कॉस्टिंगच्या वहीतलाच आहे.

जळगावला पीव्हीसी पाईप नवा नाही. भवरलाल जैन यांनी १९८० च्या सुमारास इथे पाईपचं उत्पादन सुरू केलं. पुढे ठिबक आलं, आणि रावेर-यावलच्या केळीपासून धुळ्याच्या कपाशीपर्यंत शेतात नळ्या पोहोचल्या. पण पाईप ज्याचा बनतो ते पीव्हीसी रेझीन देशाला पुरत नाही; मोठ्या प्रमाणात बाहेरून आणावं लागतं. इथेच आयात शुल्क आडवं येतं.

आता साधा हिशेब मांडू. समजा १ लाख रुपयांचं रेझीन न्हावाशेवा बंदरात उतरलं आणि मूळ आयात शुल्क साडेसात टक्के आहे. म्हणजे ७,५०० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ७५०. एकूण ८,२५०. हाच माल करारातल्या देशाचा असेल आणि करारात त्याला शून्य दर असेल, तर शुल्कही शून्य आणि त्यावरचा अधिभारही शून्य. लाखामागे सव्वाआठ हजारांची ही सूट देणाऱ्या कमी दरालाच प्राधान्य शुल्क म्हणतात. छोट्या कारखान्याचा नफा एवढ्यातच तरतो किंवा बुडतो.

भारताने आग्नेय आशियातल्या 'आसियान' देशांशी १३ ऑगस्ट २००९ रोजी वस्तुव्यापाराचा करार केला. १ जानेवारी २०१० पासून तो लागू होऊ लागला. बऱ्याच वस्तूंवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरलं. काही वस्तू मात्र सवलतीबाहेर ठेवल्या.

मग कोणीही तिसऱ्या देशाचा माल आसियानमार्गे आणून सूट घेईल, नाही का? तसं होऊ नये म्हणून 'मूळ देशाचे नियम' असतात. जहाज कुठून निघालं एवढ्यावर भागत नाही. माल कुठे घडला ते बघतात. या करारात साधारण नियम दुहेरी आहे. एक, बाहेरच्या कच्च्या मालाचा सहा अंकी कस्टम कोड तयार मालात बदलला पाहिजे. दोन, एफओबी किमतीत, म्हणजे बोटीवर माल चढवेपर्यंतच्या किमतीत, किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांचं हवं.

उदाहरण घ्या. आसियानमधल्या कारखान्याने बाहेरच्या देशाचं ७० रुपयांचं रेझीन आणून १०० रुपयांचा पाईप केला. रेझीन ३९०४ मध्ये, पाईप ३९१७ मध्ये, कोड बदलला. पण मूल्य भरलं फक्त ३० टक्के. सवलत नाही! तेच रेझीन करारातल्याच एखाद्या देशाचं, नियमात बसणारं असेल, तर त्याचं मूल्यही जमेत धरतात आणि पाईप पास होतो.

नियम ढिला पडला तर काय होतं? भारत-श्रीलंका करार मार्च २००० मध्ये लागू झाला. त्यानंतर बाहेरचं पामतेल आणून त्याचं वनस्पती तूप करायचं आणि शुल्काविना भारतात पाठवायचं, असे कारखाने श्रीलंकेत उभे राहिले. शेवटी भारताला कोटा घालावा लागला. अशा स्वस्त मालाची स्पर्धा सोयाबीन आणि सरकीच्या तेलाला, म्हणजे पर्यायाने आपल्याकडच्या शेतकऱ्यालाच होते.

उलट बाजूही आहे. कच्च्या मालावर शुल्क आणि करारातल्या देशाचा तयार पाईप मात्र शून्य शुल्काने, असं झालं तर इथला कारखानदार दोन्हीकडून चेपला जातो. म्हणून 'करार चांगला की वाईट' असं एका वाक्यात सांगता येत नाही. कोणत्या कोडवर किती सूट, ते बघावं लागतं.

पूर्वी परदेशातलं मूळ देशाचं प्रमाणपत्र दाखवलं की बहुतेक काम भागायचं. २१ सप्टेंबर २०२० पासून नियम कडक झाले. माल कसा बनला, मूल्य कसं भरलं, याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची आणि कागद किमान पाच वर्षं सांभाळायचे. ही माहिती प्रोसेस शीट आणि बिल ऑफ मटेरियलमधूनच येते. ती लिहिणारा असतो इंजिनिअर!

जाता जाता एक गणित. आसियानमधली एक वस्तू, एफओबी २०० रुपये, त्यात बाहेरचा कच्चा माल १२६ रुपयांचा. भरलेलं मूल्य ३७ टक्के येतं. पण लगेच 'पास' म्हणू नका. कोड बदलला का, ते आधी विचारा.