चाकाचे स्टड का तुटतात? मालवाहू पिकअपमधील एका दुर्लक्षित दोषाचे निदान व प्रतिबंध

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईच्या उभारणीस प्रारंभ झाला. पुढे मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे परिसरात आले, कळंबोलीस लोखंड-पोलादाचा बाजार वसला, १९८९ साली न्हावा-शेवा येथील बंदर कार्यान्वित झाले, आणि खाडीकाठच्या या भूभागात मालवाहतूक अहोरात्र चालू लागली. या वाहतुकीत आपले लक्ष साहजिकच कंटेनर वाहणाऱ्या अजस्र मालमोटारींकडे जाते. परंतु घाटावरून पहाटे भाजीपाला घेऊन येणारे, पनवेल-उरणच्या गावांत सिमेंट पोचविणारे, करंजा बंदरातून बर्फातली मासळी नेणारे वाहन बहुधा छोटे पिकअप असते. ग्रामपंचायतीची घंटागाडीदेखील अनेक ठिकाणी याच जातीच्या सांगाड्यावर बांधलेली असते. या वाहनाच्या एका दोषाविषयी प्रस्तुत लेखात विवेचन करावयाचे आहे.

चाक हबला ज्या आटे पाडलेल्या खिळ्यांनी व नटांनी जखडलेले असते, त्या खिळ्यांना कारागीर ‘स्टड’ किंवा नुसते ‘चाकाचे बोल्ट’ म्हणतात. पिकअपच्या एका चाकास ते साधारणतः पाच किंवा सहा असतात. त्यांतील एखादा तुटतो. टायरवाला नवा बसवून देतो. चालक म्हणतो, “माल हलका होता.” काही आठवड्यांनी शेजारचा तुटतो, तोही बदलला जातो, आणि मग एके दिवशी उरलेले सारे एकदम जाऊन चाकच निखळते. टायरसह अशा चाकाचे वजन २५-३० किलोग्रॅम भरते. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाहनातून सुटलेले चाक सेकंदाला सुमारे १७ मीटर गतीने पुढे धावते आणि त्याला थांबविणारे कोणीही नसते. शीव-पनवेल महामार्गावरील दुचाकीस्वार असो वा गावच्या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहणारी मुले असोत, त्यांना सावध होण्यास अवधी मिळत नाही.

“माल हलका होता” हे निदान क्वचित खरे असते. बहुतेक वेळा स्टड तुटतो तो सैल राहिल्यामुळे, किंवा पूर्वी केव्हातरी प्रमाणाबाहेर आवळला गेल्यामुळे. हे लक्षात न घेता केवळ तुटलेला खिळा बदलणे म्हणजे ताप का आला हे न पाहता अंगावर पांघरूण घालण्यासारखे आहे.

भार कोण पेलतो?

सर्वसाधारण समजूत अशी की, वाहनाचे वजन स्टडवर टांगलेले असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या रबराप्रमाणे मूळ लांबीस येऊ पाहतो. या ओढीमुळे चाकाची रिम हबवर दाबली जाते, आणि दाबलेल्या या दोन पृष्ठभागांतील घर्षणच भार पेलते. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. दोन तळहातांमध्ये वही घट्ट दाबून धरली तर तिच्यावर दुसरी वस्तू ठेवूनही ती घसरत नाही. दाब थोडा कमी केला की लगेच खाली येते.

थोडा हिशेब करू. १२ मिलिमीटर व्यासाच्या स्टडचा नट ११ किलोग्रॅम-मीटर इतक्या पिळाने आवळला, तर कोरड्या आट्यांवर स्टडमध्ये सुमारे साडेचार टन ओढ निर्माण होते. पाच स्टडांची मिळून ती बावीस-तेवीस टन होते. घर्षणाने त्यातील दहावा हिस्सा उपयोगी पडला असे धरले तरी दोन टनांहून अधिक भार चाक न सरकता पेलू शकते. पिकअपच्या एका चाकावर साधारणपणे टनाच्या आसपास भार येतो. म्हणजे व्यवस्था पुरेशी आहे. (प्रत्यक्ष पीळ किती द्यावा हे मात्र वाहनाच्या पुस्तिकेतूनच पाहावे. प्रत्येक बनावटीस तो वेगळा असतो.)

आता या व्यवस्थेतील नाजूक जागा पाहा. साडेचार टनांची ही ओढ ज्या ताणातून निर्माण होते, तो ताण म्हणजे स्टडच्या लांबीत झालेली अवघी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी वाढ होय. ब्रशाने दिलेल्या रंगाच्या एका थराची जाडीही साधारण तेवढीच असते! नटाच्या बैठकीवर किंवा रिम व हब यांच्यामध्ये रंग, गंजाचा पापुद्रा अथवा वाळलेला चिखल राहिला, तर पहिल्या काही किलोमीटरांत तो चेचला जातो आणि ताणलेला स्टड पुन्हा आखूड होतो. नट फिरलेला नसतो, तरीही पकड गेलेली असते. ‘पासिंग’च्या तोंडावर किंवा दसऱ्याला रिमा रंगविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वाहन देखणे दिसावे यात वावगे काही नाही. पण नटाच्या बैठकीवर फासलेला रंग हा दागिना नसून दोष आहे, हे रंगाऱ्याला कोणी सांगत नाही.

पकड गेली की रिम हबवर सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक स्टड इकडून तिकडे वाकतो. पिकअपचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे साडेचारशे फेरे घेते. शंभर किलोमीटरांत पंचेचाळीस हजार. तार एकदा वाकविल्याने तुटत नाही, पण पुनःपुन्हा वाकविली की हातात तुकडे येतात. धातूच्या या शिणवट्याकडे जगाचे लक्ष वेधले ते आगगाडीच्या आसांनी. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. पुढे प्रशियातील अभियंता आउगुस्ट व्होलर याने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखविले की, एका वेळी सहज पेलता येणारा भारदेखील लक्षावधी वेळा उलटसुलट आला तर पोलाद तुटते. नट आपोआप का सुटतात याचा उलगडा त्या मानाने फार उशिरा झाला. जर्मन संशोधक गेर्हार्ड युंकर याने १९६९ साली दाखवून दिले की, जोडलेले भाग आडवे सरकू लागले म्हणजे आट्यांतील घर्षण निष्प्रभ होते आणि नट स्वतःहून उलटा फिरू लागतो. सैल चाकाचे नेमके हेच होते. आधी पकड जाते, मग रिम सरकते, मग नट फिरतो, आणि तोपर्यंत स्टडला चीर गेलेली असते.

तुटलेला तुकडा वाचावा

म्हणून तुटलेला स्टड भंगारात टाकू नये. त्याचा तुटलेला चेहरा रॉकेलने धुऊन उजेडात पाहावा. चेहरा सपाट असून त्यावर ओहोटीनंतर खाडीच्या गाळावर उमटाव्यात तशा वक्र रेघा दिसत असतील, त्यातील बराच भाग काळपट वा गंजलेला आणि उरलेला थोडा भाग चकचकीत व खरबरीत असेल, तर तो शिणवट्याने तुटला असे खुशाल समजावे. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. चकचकीत भाग म्हणजे अखेरच्या क्षणी तुटलेला. काळा भाग मोठा असेल तर चीर दीर्घकाळ वाढत होती आणि तपासणीत ती सापडू शकली असती. अशी चीर बहुधा नटाच्या तोंडाशी असलेल्या पहिल्या आट्यात सुरू होते, कारण नटातील सर्वांत अधिक भार त्याच आट्यावर येतो.

याउलट स्टड तुटण्यापूर्वी मध्ये बारीक झालेला, पिळवटलेला, आटे लांबलेले असे दिसल्यास तो अति आवळण्याने गेला. नवा स्टड शेजारी धरून आट्यांत आटे बसतात का ते पाहावे. न बसल्यास जुना ताणला गेला आहे हे निश्चित. आपल्याकडे पान्यास पाईप लावून त्यावर उभे राहण्याची पद्धत आहे. ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस नटापासून ६० सेंटिमीटर अंतरावर उभा राहिला तर ३६ किलोग्रॅम-मीटर पीळ पडतो. वर दिलेल्या ११ च्या तिपटीहून तो अधिक आहे आणि १२ मिलिमीटरचा चांगला पोलादी स्टडही त्याने ताणला जातो किंवा जागीच तुटतो. हवेच्या गनने नट मारतानाही हाच धोका असतो. आट्यांना तेल वा ग्रीस लावल्यास तर तेवढ्याच पिळाने ओढ आणखी वाढते. तेव्हा उत्पादकाने सांगितल्याशिवाय ते लावू नये. एकदा ताणला गेलेला स्टड दिसायला धडधाकट असतो. तो पूर्वीची पकड देत नाही, हे मात्र पाहून कळत नाही.

खरोखरच हलका माल असण्याची शक्यता या दोन्ही खुणा नसतील तेव्हा विचारात घ्यावी. स्टडच्या डोक्यावर १०.९ असा आकडा कोरलेला असल्यास त्याचे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे १०० किलोग्रॅम ओढ सोसते, ८.८ असल्यास सुमारे ८०. जिथे पहिला मूळचा असेल तिथे दुसरा बसविणे ही काटकसर नव्हे.

नवी मुंबईच्या परिसरात आणखी एक कारण संभवते. मासळीच्या पेट्यांतून झिरपणारे खारे पाणी मागील चाकांवर ठिबकते; खाडीची दमट हवा आणि पावसाळा त्यात भर घालतात. गंजाने स्टडवर बारीक खड्डे पडतात आणि शिणवट्याची चीर अशाच खड्ड्यातून जन्म घेते. मासळी वाहणाऱ्या वाहनाची चाके रोज गोड्या पाण्याने धुणे हा फार स्वस्त उपाय आहे.

दुरुस्ती व देखभाल

एक स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारीही बदलावेत, कारण तुटलेल्याचा भार त्यांनी वाहिलेला असतो. दोन किंवा अधिक तुटले असतील तर त्या चाकाचे सर्व बदलावेत. रिमची भोके लांबट झाली असतील तर ती रिम बाद करावी. तिला वेल्डिंग करून पुन्हा वापरणे धोक्याचे आहे. नवा स्टड दाबयंत्राने पूर्ण बसवावा. हातोड्याने अर्धवट ठोकलेला स्टड पुढे आपल्या जागी सरकतो आणि नट पुन्हा सैल पडतो. नटाची बैठक निमुळती आहे की सपाट, हेही पाहणे आवश्यक आहे. रिम एका जातीची आणि नट दुसऱ्या जातीचे, हा घोटाळा रिमा बदलल्यानंतर हमखास आढळतो.

बसविताना हब व रिमचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशाने घासून घ्यावा, सर्व नट प्रथम हातानेच फिरवावेत आणि मग शेजारचा सोडून पलीकडचा अशा क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. शेवटचा पीळ चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क पान्याने मोजून द्यावा. त्यानंतर पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्यावे. या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी हीच. पंक्चर काढून घाईने निघालेला चालक परत त्या दुकानात जात नाही. म्हणून पान्याची सोय मालकाकडे वा ग्रामपंचायतीकडेच हवी.

रोजच्या पाहणीस दोन मिनिटे पुरतात. नटाभोवती गंजाचे लालसर ओघळ किंवा भोकाभोवती घासून चकाकणारा धातू दिसणे, नटावर व रिमवर ओढलेली रंगाची रेघ सरकलेली असणे, सावकाश चालताना चाकातून टकटक आवाज येणे ही पकड गेल्याची लक्षणे होत. ब्रिटनमध्ये आपल्याप्रमाणेच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. तेथे अवजड वाहनांची निखळणारी चाके बहुधा डाव्या बाजूची, त्यातही मागची, असल्याचे आढळून आले आहे. सरळ आट्याचा नट डाव्या चाकावर सुटण्याच्या दिशेने ढकलला जातो, हे त्याचे एक कारण मानले जाते. तेव्हा पाहणीचा आरंभ डाव्या मागील चाकापासून करावा. काही जुन्या वाहनांच्या डाव्या चाकांना याच कारणाने उलटे आटे असत. अशा नटाला नेहमीच्या दिशेने सोडविण्याचा प्रयत्न केला तर तो आवळला जातो आणि स्टड मोडतो.

जादा भाराविषयी वेगळे काय सांगावे? दीड टन क्षमतेच्या वाहनात ५० किलोग्रॅमची तीस पोती जातात. चाळीस भरली तर मागील आसावर आलेला अर्धा टन प्रत्येक खड्ड्यात व गतिरोधकावर कितीतरी पटींनी जाणवतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या सुधारणेने जादा भारास वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये दंडाची तरतूद केली आहे. मालवाहनास पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. परंतु प्रमाणपत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशीही पंक्चर होऊ शकते आणि चाक पुन्हा उघडले जाते. कायद्याची तपासणी तिथवर पोचत नाही.

ग्रामपंचायतींनी घंटागाडीच्या नोंदवहीत यासाठी एक वेगळे पान ठेवावे. कोणते चाक कोणत्या तारखेस उघडले, किती पिळाने आवळले, पुन्हा आवळले की नाही आणि कोणाच्या हातून, एवढ्याच नोंदी पुरेत. वाहन ठेकेदाराचे असेल तर या नोंदी व मोजणीचा पाना यांचा उल्लेख करारनाम्यातच असावा. स्टड तुटल्यास तो तुकडा तारखेची चिठ्ठी बांधून नोंदवहीसोबत जपावा. सहा महिन्यांत त्याच चाकाचा दुसरा तुकडा आला, तर दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील. आणि नवा स्टड मागविण्याऐवजी हब व रिम उघडून पाहण्याचा निर्णय ग्रामसेवकासही घेता येईल.