फॉरमॅट मारण्याआधी

प्रश्न : आमच्याकडे २०१४ सालचा डेस्कटॉप आहे. विंडोज १०, चार जीबी रॅम. सुरू व्हायलाच दहा-बारा मिनिटं घेतो. सासरे त्यावर पत्रिका करतात, घरातले सगळे जुने फोटोही त्यातच आहेत. फ्रीगंजातला दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा पळेल.’ मुलगी म्हणते, घरीच रीसेट करू, फाइली तशाच राहतात. सासरे कुणाला हात लावू देत नाहीत. नेमकं काय करावं? (उज्जैनहून एक वाचक)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. रीसेटने वेग परत येईल का, हा एक. आणि त्यात काय काय जाईल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर दुसऱ्याची काळजी बरीच हलकी होते, म्हणून आधी तो घेऊ.

रीसेट म्हणजे विंडोज नव्याने बसवणं. वर्षानुवर्षं जमलेले प्रोग्रॅम, संगणक सुरू होताच आपोआप जागे होणारे अपडेटर, एकावर एक बसवलेले दोन अँटिव्हायरस, हा सगळा पसारा त्याने जातो. मंदपणा त्या पसाऱ्यामुळे असेल तर गुण येतो. पण कारण यंत्राच्या एखाद्या भागात असेल, तर रीसेटनंतर आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि अपडेट उतरले, प्रोग्रॅम परत बसले की संगणक होता तिथेच येतो. ‘फॉरमॅट केला तरी पुन्हा स्लो’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते, ती यामुळेच.

कारण शोधायला दुकानात जायची गरज नाही. संगणक सुरू करून पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी दिसली तर खाली ‘मोअर डिटेल्स’वर टिचकी मारा. सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतील. तुम्ही काहीही उघडलेलं नसताना डिस्कचा आकडा ९५-१०० टक्क्यांवरून खाली उतरत नसेल, तर अडथळा डिस्कचा आहे. मेमरी ८५-९०च्या वर असेल तर रॅम अपुरी पडते आहे. सीपीयू चढलेला असेल तर त्या रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारा. सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येईल.

तुमच्या संगणकाच्या वयाकडे पाहता माझा संशय डिस्कवर आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते आणि ग्रामोफोनच्या सुईसारखा एक दांडा तिच्यावरून पुढेमागे सरकतो. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. तरी दांडा जागेवर जाऊन हवा तो तुकडा खाली येईपर्यंत दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला फार तर शंभरेक जागा वाचून होतात. विंडोज १० सुरू होताना हजारो लहान लहान फाइली मागतं. त्या रांगेत तुमची दहा मिनिटं जातात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं; तीच मागणी ती मिलिसेकंदाच्या अंशात पुरवते. २०१४च्या डेस्कटॉपला अडीच इंची साटा एसएसडी सहज बसते. तिने पडणारा फरक कुठल्याही रीसेटपेक्षा मोठा असतो. सोबत रॅम आठ जीबी करता आली तर ब्राउझरही सुसह्य होईल.

फोटोंमुळे संगणक जड होतो, हा समज मात्र काढून टाका. पडून असलेला फोटो काही काम मागत नाही. सी ड्राइव्ह अगदी काठोकाठ भरला तरच विंडोजला तात्पुरत्या फाइलींना जागा मिळत नाही आणि ते अडखळतं. तेवढ्यासाठी लग्नाचे फोटो पुसायचं कारण नाही, दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले की झालं.

दुसरं कारण उज्जैनच्या हवेचं आहे. माळव्याच्या काळ्या मातीची धूळ पंख्यात बसते, त्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणच वेग कमी करतो. सकाळी बरा आणि दुपारी मंद, असा अनुभव असेल तर डबा उघडून धूळ काढून घ्या आणि प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या.

तिसरी गोष्ट तुमच्या सासऱ्यांसाठी. वायर काढली की तारीख मागे जाते का, ते पाहा. जात असेल तर मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल, सीआर २०३२, संपला आहे. तारीख चुकली की वेबसाइटी ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडतात आणि लोक व्हायरस समजून फॉरमॅट मारतात. पत्रिकेच्या प्रोग्रॅमने आजची तारीख संगणकाच्या घड्याळातून घेतली, तर गोचरीचे ग्रहही चुकीचे निघतील. ज्या गावातून जुन्या ज्योतिर्गणिताची मध्यरेषा धरत, तिथे हे घडू नये.

आता दुसरा प्रश्न. मुलगी म्हणते ते अर्धं खरं आहे. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप यांतल्या फाइली राहतात. बाहेरून बसवलेले प्रोग्रॅम मात्र सगळे जातात. खरी मेख इथे आहे. जुने प्रोग्रॅम आपला डेटा बऱ्याचदा डॉक्युमेंट्समध्ये न ठेवता प्रोग्रॅम फाइल्समधल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतात. सासऱ्यांनी इतकी वर्षं भरलेल्या जन्मवेळा तिथे असतील, तर रीसेटबरोबर त्याही जातील. हात लावू देत नाहीत ते योग्यच करतात. आधी त्या प्रोग्रॅममधला बॅकअप काढा, त्याचा पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर तो उघडतो का, ते पाहा.

तीच गत फॉन्टची. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली पत्रं युनिकोडमध्ये नसतात. फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी इंग्रजी मुळाक्षरांची खिचडी दिसते. मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट परत बसवला की वाचता येतो. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते आधीच उतरवून ठेवा. ब्राउझरमधले पासवर्ड, ऑफिसची की आणि प्रिंटरचा ड्रायव्हर यांचीही नोंद करा. विंडोज १०चा परवाना सहसा मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे तो रीसेटनंतर इंटरनेट मिळताच आपोआप लागतो.

तेव्हा माझा सल्ला असा. आज बॅकअप घ्या. मग टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मध्ये नको ते बंद करून आठवडाभर पाहा. डिस्क शंभरवरच राहिली, तर एसएसडी घ्या आणि दुकानदाराला फॉरमॅटऐवजी क्लोन करायला सांगा. क्लोनमध्ये विंडोज, पत्रिका, फॉन्ट, सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर येतं. त्यानंतरही प्रोग्रॅमच अडखळत असतील, तर रीसेटला अर्थ आहे. डिस्कमधून कट्कट् आवाज येत असेल, तर मात्र जुन्या डिस्कवर रीसेट करूच नका. तासन्‌तास चालणाऱ्या त्या लिहिण्या-वाचण्यात मरणपंथाला लागलेली डिस्क पूर्ण बसू शकते.

एक मर्यादा सांगायला हवी. विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि २०१४चा प्रोसेसर विंडोज ११च्या अटींत बसत नाही. पत्रिका, फोटो, छपाई यासाठी हा संगणक अजून काही वर्षं चालेल, बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. आणि क्लोन झाल्यावर जुनी डिस्क दुकानात सोडू नका. घरी आणा, वर तारीख लिहा आणि सासरे नव्या डिस्कवर प्रत्येक पत्रिका उघडून पाहीपर्यंत तिच्यातलं काहीही पुसू नका.