जनरल ग्रँट यांचे अखेरचे वर्ष

१८८४ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. न्यूयॉर्क शहरातील 'ग्रँट आणि वॉर्ड' ही पेढी एकाएकी बुडाली. पेढीच्या नावातील ग्रँट म्हणजे जनरल युलिसिस ग्रँट. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्यांमध्ये यादवी युद्ध झाले. गुलामगिरीचा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. त्या युद्धात उत्तरेच्या फौजेला विजय मिळवून देणारे सेनापती ते हेच. पुढे १८६९ ते १८७७ ते अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यानंतर जगाच्या प्रवासात, १८७९ मध्ये, ते आपल्या मुंबईलाही येऊन गेले.

पेढीचा कारभार फर्डिनंड वॉर्ड हा तरुण भागीदार पाहत असे. नव्या लोकांकडून घेतलेला पैसा जुन्या लोकांना नफा म्हणून द्यायचा, अशी त्याची लबाडी होती. ग्रँट यांना याचा पत्ताही नव्हता. रणांगणावर सावध असणारा हा माणूस व्यवहारात मात्र फार भोळा होता. पेढी बुडण्याच्या दोनच दिवस आधी, वॉर्डच्या सांगण्यावरून, त्यांनी विल्यम व्हॅन्डरबिल्ट या धनिकाकडून दीड लाख डॉलर उसने आणले होते. तेही गेले. व्हॅन्डरबिल्ट कर्ज सोडून द्यायला तयार होते. पण ग्रँट ऐकेनात. आपली मालमत्ता, तलवारी आणि पदके त्यांनी कर्जापोटी देऊन टाकली.

माजी अध्यक्षांना त्या काळी निवृत्तिवेतन मिळत नसे. घर कसे चालवायचे? एका मासिकाने युद्धाविषयी लेख मागितले. एका लेखाचे पाचशे डॉलर मिळणार होते. ग्रँट यांचा पहिला लेख सरकारी अहवालासारखा कोरडा झाला. मित्रांना सांगता तसे लिहा, असे संपादकांनी सुचवले आणि ग्रँट यांना लिहिण्याची गोडी लागली.

त्याच उन्हाळ्यात एक फळ खाताना त्यांच्या घशात भयंकर कळ आली. डॉक्टरांकडे जायला त्यांनी काही महिने लावले. घशाचा कर्करोग झाला होता. त्यांना सिगारचे व्यसन होते. १८६२ मध्ये डोनेल्सन किल्ला जिंकल्यावर खूश झालेल्या लोकांनी त्यांना सिगारच्या पेट्याच्या पेट्या पाठवल्या होत्या. तेव्हापासून हे व्यसन फारच वाढले होते.

आपण फार दिवसांचे सोबती नाही, हे ग्रँट यांनी ओळखले. आपल्यामागे पत्नी ज्युलियाचे काय होईल, ही एकच काळजी त्यांना होती. तेव्हा प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन पुढे आले. त्यांची स्वतःची प्रकाशनसंस्था होती. तुमच्या आठवणींचे पुस्तक मी काढतो आणि नफ्यातील सत्तर टक्के वाटा तुम्हाला देतो, असे त्यांनी सांगितले. दुसरे प्रकाशक विक्रीवर दहा टक्के देत होते.

ग्रँट लिहू लागले. कधी ते मजकूर सांगत आणि लेखनिक उतरवून घेई. पुढे आवाज गेला, तेव्हा ते स्वतः पेन्सिलीने लिहू लागले. पाण्याचा घोटही घशाला जाळत असे. आडवे झाले की जीव गुदमरे, म्हणून दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून ते बसूनच झोपत. जून १८८५ मध्ये त्यांना माउंट मॅकग्रेगर या थंड हवेच्या डोंगरावर नेले. बोलणे बंद झाल्याने ते चिठ्ठ्या लिहीत. एका चिठ्ठीत त्यांनी डॉक्टरांना कळवले, की मी सर्वनाम नसून क्रियापद झालो आहे. असणे, करणे आणि सोसणे, तिन्ही माझ्यात आहे! व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी ही चिठ्ठी जरूर लक्षात ठेवावी.

१० जुलै रोजी एक पाहुणे आले. ते होते दक्षिणेचे सेनापती बकनर. १८५४ मध्ये ग्रँट न्यूयॉर्कमध्ये पैशांवाचून अडकले होते, तेव्हा याच मित्राने त्यांना मदत केली होती. १८६२ मध्ये डोनेल्सन किल्ल्यावर याच बकनरना ग्रँट यांच्यापुढे शरण यावे लागले होते. आता एक बोलत होता आणि दुसरा कागदावर उत्तरे लिहीत होता. दोन्ही बाजूंच्या लोकांत सलोखा झालेला मला पाहायला मिळाला, याचा आनंद ग्रँट यांनी लिहून दाखवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुस्तकाचे काम संपले. २३ जुलै १८८५ रोजी सकाळी ग्रँट वारले. ते त्रेसष्ट वर्षांचे होते. ८ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये प्रचंड अंत्ययात्रा निघाली. मानकऱ्यांमध्ये उत्तरेचे शर्मन आणि शेरिडन हे सेनापती होते, तसेच दक्षिणेचे जॉन्स्टन आणि बकनरही होते.

पुस्तकाचे दोन खंड निघाले. ग्रँट यांच्या हाताखाली लढलेले जुने शिपाई दारोदार फिरून मागण्या नोंदवत होते. तीन लाखांहून अधिक संच खपले. ज्युलियाबाईंना एकूण सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले.