निळी कोंबडी आणि तीन खुराडी



निळ्या बँटमची जोडी हौसेने, चांगले पैसे मोजून आणावी आणि पहिल्याच उबवणीत काही पिल्ले काळी तर काही मळकट पांढरी निघावीत, असे पुष्कळांचे होते. मग विकणाऱ्याने फसविले किंवा शेजारचा कोंबडा आत शिरला असा संशय येतो. बहुधा दोष कोणाचाच नसतो. निळा रंग असा शुद्ध टिकतच नाही.

कोंबडीच्या काळ्या रंगाला फिका करणारा एक आनुवंशिक घटक आहे. पिल्लाला तो आईबापांपैकी एकाकडूनच मिळाला तर पीस राखी-निळे होते. दोघांकडूनही मिळाला तर पांढुरक्या पिसांवर निळे-काळे शिंतोडे उठतात. मुळीच मिळाला नाही तर पिल्लू काळे. म्हणून निळा नर व निळी मादी यांची सरासरी चार पिल्लांत दोन निळी, एक काळे, एक शिंतोडी अशी पडते. बारा अंड्यांत हा हिशेब तंतोतंत जुळेल असे मात्र धरू नका. पिल्ले जितकी अधिक, तितका तो जवळ येतो.

हा हिशेब मूळ मेंडेल यांचा. ते ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू. मठाच्या बागेत वाटाण्यावर केलेले प्रयोग त्यांनी १८६६ साली छापले. तोच नियम कोंबड्यांनाही लागू पडतो, हे इंग्लंडमध्ये विल्यम बेट्सन यांनी १९०२ साली दाखविले.

आता खुराड्यांकडे वळू. शिंतोडी पिल्ले बिघडलेली समजून लोक ती स्वस्तात काढून टाकतात. वास्तविक तीच कामाची! शिंतोडी कोंबडा पाच-सहा काळ्या तलंगांबरोबर ठेवला तर सगळीच्या सगळी पिल्ले निळी निघतात. निळा कोंबडा काळ्या माद्यांबरोबर ठेवला तर निम्मीच. तेव्हा पहिल्या खुराड्यात शिंतोडी नर व काळ्या माद्या ठेवाव्यात. विक्रीची निळी पिल्ले येथूनच मिळतील. दुसऱ्यात निळा नर व दोन-तीन निळ्या माद्या, म्हणजे पुढच्या वर्षाची काळी व शिंतोडी जनावरे घरीच तयार होतील. तिसरे खुराडे राखीव नरांसाठी. एकच कोंबडा ठेवून वर्ष काढणे हा जुगार आहे. मुंगसाने तो एका रात्रीत उचलला की सारी मांडणी कोसळते.

पांढऱ्या रंगाचे प्रकरण वेगळे. एक प्रकारचा पांढरा रंग काळ्या कोंबड्यात लपून राहतो आणि तसाच लपलेला रंग असलेली मादी भेटली की पिल्लांत अचानक वर येतो. संशय असेल तर तो कोंबडा त्याच प्रकारच्या पांढऱ्या मादीला लावून पाहावा. दहा पिल्लांत एकही पांढरे निघाले नाही तर कोंबडा स्वच्छ समजण्यास हरकत नाही. या परीक्षेला लेगहॉर्न मादी घेऊ नये. तिचा पांढरा रंग निराळा. तो इतर रंगांना झाकतो आणि परीक्षा फुकट जाते.

पट्टेदार मादीला काळा कोंबडा लावला तर आणखी एक सोय होते. नर पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, माद्यांच्या येत नाही. पहिल्याच दिवशी निवड करता येते. पट्ट्यांचा घटक मादीकडून फक्त मुलग्यांना जातो, म्हणून हे घडते. (कोंबड्यांत नर की मादी हे आई ठरवते, माणसांत बाप. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.) जोडी उलटी केली, म्हणजे शुद्ध पट्टेदार नर व काळी मादी, तर सगळीच पिल्ले पट्टेदार होतात आणि ही खूण मिळत नाही.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो घाईमुळे. कोंबडा काढून घेतला तरी त्याचे बीज मादीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकते. म्हणून नवा नर सोडल्यावर पूर्ण तीन आठवडे अंडी खायला किंवा बाजारात वापरावीत. त्यानंतरचीच उबवणीस ठेवावीत. अंड्यावर शिसपेन्सिलीने खुराड्याचा आकडा व तारीख घाला. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले बाहेर आली की खुराड्याप्रमाणे त्यांच्या पायांत रंगीत कडी घालावी आणि पाय वाढेल तशी ती बदलावी. निवड मात्र अंगावर पक्की पिसे आल्यावरच करावी. पिल्लाच्या लवीवरून पिसांची शेवटची छटा कळत नाही.