शाईचे डाग

टिकणे हा शाईचा धर्म होय. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी अक्षरे दोन शतकांनंतरही वाचता येतात. तोच गुण सदऱ्यावर दोष ठरतो.

शाई सांडताच ती टिपून थंड पाण्याने धुवावी. साबण लगेच लावू नये. हिरडा व हिराकस यांच्या शाईत लोह असते. साबणाच्या क्षाराने त्याचा पिवळा गंज धाग्यांत बसतो. पांढऱ्या सुती कापडावर लिंबू व मीठ लावून ते उन्हात ठेवावे. लिंबातील अम्ल लोह विरघळविते. मग पुष्कळ पाण्यात खळबळावे. बॉलपेनच्या डागास स्पिरिटचा बोळा लावावा, परंतु चुलीपासून दूर.

भीतीने डाग लपविणाऱ्या मुलांस आमचे सांगणे इतकेच, की ओला डाग लवकर निघतो, वाळलेला हट्ट धरतो. तो आईस तत्काळ दाखवावा. तिचे श्रम वाचतील.